दोन कानांमधलं अंतर

भोसले घाटाच्या पायरीवर पूर्वेकडे तोंड करून बसलं की समोर गंगा आणि गंगेपलीकडे नुसती वाळू. पाठीशी नागपूरकर भोसल्यांचा दगडी वाडा, किल्ल्याच्या तटासारखा सरळ वर गेलेला. नक्षीच्या खिडक्या आहेत त्या पार वरच्या अंगाला, आणि त्याही लहान. काशीत गंगा उत्तरेला वाहते. म्हणून डाव्या हाताला रामघाट, बालाजी घाट, पंचगंगा. उजव्या हाताला संकटा घाट, शिंदे घाट आणि त्यापुढे मणिकर्णिका. हा नकाशा डोक्यात ठेवा. हेडफोन निवडताना तो आपल्याला पुन्हा पुन्हा लागणार आहे.

एका हिवाळ्यात पहाटे मी इथे अकरा मिनिटं अजिबात न हलता बसलो होतो. दोन्ही कानांच्या तोंडाशी वाटाण्याएवढा एकेक माइक अडकवलेला आणि मांडीवर रेकॉर्डर. कल्पना अशी की माझ्या उजव्या कानाला जे ऐकू येईल ते उजव्या माइकने टिपायचं, डाव्याचं डाव्याने, आणि नंतर तेच हेडफोनवर ऐकायचं. अकरा मिनिटांत बरंच काही झालं. उजवीकडून डिझेलची एक नाव धडधडत आली आणि समोरून पंचगंगेच्या दिशेने गेली. उजव्या खांद्यामागून, गल्लीतल्या कुठल्याशा देवळातून, घंटा वाजली. डावीकडे जरा लांब पाण्याच्या काठावर एक जण दगडावर कपडे आपटत होता. माझा एकोणीस वर्षांचा भाचा अनवाणी वरच्या पायऱ्यांवरून उतरला, माझ्या डाव्या बाजूला येऊन थांबला आणि ठरल्याप्रमाणे त्याने एकदा टाळी वाजवली.

या भाच्यामुळेच हे प्रकरण लिहिलं गेलं. त्याला हेडफोन घ्यायचा होता, आणि मागणी साधी होती: "मामा, गेमला, पिक्चरला आणि गाण्यांना, तिन्हींना चालेल असा एकच सांग." दुकानदारापासून नातेवाइकांपर्यंत सगळ्यांनी त्याला नावं सुचवली होती, पण त्या तीन गोष्टी कानाकडे तीन वेगळी कामं मागतात, हे कुणी सांगितलं नव्हतं.

आधी कानाचं काम समजून घेऊ. नाव उजवीकडे असते तेव्हा तिचा आवाज उजव्या कानाला आधी पोचतो आणि डाव्याला किंचित नंतर. हवेत ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो आणि आपल्या दोन कानांमध्ये जेमतेम वीतभर अंतर आहे. आवाज अगदी कुशीवरून आला तरी दोन कानांमधला हा फरक सेकंदाच्या हजाराव्या भागाच्याही आत असतो, फार तर ०.७ मिलिसेकंद. आणि आवाज जवळजवळ समोर असेल तर मेंदू याहून कितीतरी बारीक, सेकंदाच्या एक लाखाव्या भागाएवढा फरकही पकडतो. हे वाचताना विश्वास बसत नाही, पण डोळे मिटून बसलात तर मुंगीएवढ्या आवाजाच्या दिशेने तुमचं बोट बरोबर जातं ते याच जोरावर. याशिवाय उंच, टोकदार आवाजांना डोकं आडवं येतं आणि पलीकडच्या कानावर डोक्याची सावली पडते. नावेच्या धडधडीसारखे खालचे आवाज मात्र डोक्याला वळसा घालून दोन्ही कानांत जवळपास सारखेच शिरतात.

हे झालं डाव्या-उजव्याचं. पुढचं-मागचं आणि वरचं-खालचं कसं कळतं? ते कानाच्या पाळीच्या वरचा जो घड्याघड्यांचा भाग असतो, त्यावरून. समोरचा आवाज त्या घड्यांवरून एका प्रकारे वळून आत येतो आणि मागचा दुसऱ्या प्रकारे. काही उंच सूर दबतात, काही उठतात. प्रत्येकाच्या घड्या वेगळ्या असतात आणि आपला मेंदू लहानपणापासून आपल्याच घड्या पाठ करत आलेला असतो. तरीही शंका आलीच तर आपण नकळत मान हलवतो आणि शंका फिटते.

मुक्कामी परतल्यावर भाच्याने ते रेकॉर्डिंग हेडफोनवर ऐकलं. घंटा बरोबर सांगितली, पावलं बरोबर सांगितली. नावेपाशी आल्यावर म्हणाला, "नाव मागून गेली." मागे भोसल्यांचा वाडा होता! ऐकण्यात त्याची काही चूक झाली नव्हती. तो माझ्या कानांनी ऐकत होता, माझ्या घड्यांमधून, आणि त्याने मान वळवली तरी हेडफोन मानेबरोबर वळत असल्यामुळे घाटही त्याच्याबरोबर वळत होता. शंका फेडायचा मार्गच बंद. समोरचा आवाज मागे वाटणं हा कानात माइक घालून केलेल्या ध्वनिमुद्रणातला जुना, ओळखीचा घोटाळा आहे. गेमिंगच्या हेडफोनांवर ‘७.१ सराउंड’ असं ठळक छापलेलं असतं, त्याची सगळी कथा या एका नावेत आहे. बहुतेक अशा हेडफोनांत स्पीकर दोनच असतात, एका कानाला एक. बाकीचे पाच-सहा सॉफ्टवेअर भासवतं, आणि ते भासवताना कुठल्यातरी सरासरी डोक्याचा, सरासरी कानांचा हिशेब वापरतं. तुमचे कान त्या सरासरीच्या जवळचे असतील तर समोरचा शत्रू समोर वाटेल. नसतील तर तो वाड्यातून येईल. म्हणून दोन मित्रांची त्याच हेडफोनबद्दलची मतं टोकाची वेगळी असतात, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आता हेडफोन नेमकं काय करतो ते पाहू. घाटावर प्रत्येक आवाज दोन्ही कानांना मिळतो. घरी दोन स्पीकर लावून गाणं ऐकलंत तरी डाव्या स्पीकरचा आवाज उजव्या कानातही जातो, भिंतींवरून फिरून येतो. हेडफोनमध्ये डावं ते डाव्यालाच आणि उजवं ते उजव्यालाच. अॅलन ब्लमलिन या इंग्रज अभियंत्याने १९३१ साली स्टिरिओचं पेटंट मागितलं, आणि पुढची कित्येक दशकं गाणी मिसळली गेली ती समोर दोन स्पीकर आहेत असं धरून. जुन्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणांत तर एखादं वाद्य पूर्ण एका बाजूला लावून दिलेलं असायचं. स्पीकरवर ते खोलीत मिसळून जातं. हेडफोनवर ते एका कानात एकटं वाजत राहतं आणि दुसरा कान रिकामा. गायक समोर बसून गातोय असं वाटायच्या ऐवजी कवटीच्या मधोमध गातो, तो याच वाटणीमुळे.

ही वाटणी थोडी सुसह्य करायचा एक मार्ग म्हणजे मागून उघडा हेडफोन, ज्याला सगळे ओपन-बॅक म्हणतात. कानावरच्या वाटीला मागे जाळी असते. पडद्याच्या मागच्या अंगाने निघालेला आवाज आत कोंडून परत आपटत नाही, बाहेर निघून जातो, आणि बाहेरची हवा आत खेळते. सेनहायझरने १९६८ साली एचडी ४१४ हा असा हेडफोन बाजारात आणला आणि लोकांना पहिल्यांदा हेडफोनमध्ये मोकळीक जाणवली. माझं घाटावरचं रेकॉर्डिंग मी बंद वाटीच्या आणि उघड्या वाटीच्या हेडफोनवर आलटून पालटून ऐकलं. बंद वाटीत घंटा स्पष्ट होती, पण खोलीत वाजल्यासारखी. उघड्या वाटीत ती गल्लीत वाजली. समोरच्या रिकाम्या वाळवंटावरून आवाज परत येत नाही आणि मागच्या दगडी भिंतीवरून येतो, हा घाटाचा स्वभाव फक्त त्यातच उमटला.

पण उघड्या वाटीचा हेडफोन म्हणजे उघडं दार. तुम्ही ऐकता ते शेजारी ऐकतो आणि शेजाऱ्याचा कुकर तुम्ही ऐकता. लोकलमध्ये, हॉस्टेलच्या खोलीत, झोपलेल्या बाळाच्या पलंगाशेजारी तो कामाचा नाही. म्हणून मी विचारणाऱ्याला नेहमी आधी जागा विचारतो. कुठे बसून ऐकणार? एकट्याची शांत खोली असेल तर ओपन-बॅक, बाकी सगळीकडे बंद वाटी किंवा कानात घट्ट बसणारे इअरफोन. हे एवढं ठरलं की दुकानातली निम्मी खोकी बाजूला होतात.

संगीतापाशी मात्र जरा थांबायला हवं, कारण हेडफोनची खरी परीक्षा तिथे होते. तुमच्या आवडीचं गाणं लावून हेडफोन तपासू नका. आवडीचं गाणं कशावरही आवडतं. तंबोरा लावा. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या आधी दीड शतकापासून गवई मिरजेची वाट धरत आले ते जवारीसाठी. घोडीच्या किंचित उतरत्या माथ्यावर तार अलगद घासते, तिच्याखाली सुताचा दोरा सरकवून नेमकी जागा साधली की एका तारेतून सुरांचा सगळा गुच्छ उमलतो. पुरुष गायकाच्या तंबोऱ्याचा खर्ज सुमारे ७० हर्ट्झवर असतो आणि त्याच तारेतून फुटणारी चमक कित्येक हजार हर्ट्झपर्यंत चढते. म्हणजे एकच वाद्य हेडफोनची तळापासून माथ्यापर्यंत तपासणी करतं. बेस फुगवलेल्या हेडफोनवर खर्ज एखाद्या ढगासारखा पसरतो आणि जोडाच्या दोन तारा त्यात बुडून एकच होतात. चांगल्या हेडफोनवर दोन्ही तारा वेगळ्या मोजता येतात आणि खर्ज आला की त्याच्या पोटातून गंधार वर येताना ऐकू येतो. दोन मिनिटं पुरतात.

दुसरी परीक्षा डग्ग्याची, आणि बनारसच्या तबल्याइतका तिला योग्य नमुना नाही. किशन महाराजांचं एखादं एकल वादन लावा. डग्ग्यावर तळहात सरकला की ‘घे’ खालून वर घसरत जातो. तो घुमारा हीच त्या हाताची भाषा. कमअस्सल हेडफोनमध्ये प्रत्येक ‘घे’ एकाच सुरात येतो, नुसता दणका. बेस ‘जास्त’ असणं आणि बेस ‘खरा’ असणं यातला फरक इथे हातात धरून दाखवता येतो.

तिसरी शहनाई. भोसले घाटावरून उत्तरेला चालत गेलं की थोड्याच वेळात बालाजी घाट लागतो. तिथल्या बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँ वर्षानुवर्षं रियाज करत. शहनाईचा मोठा जोर दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात असतो, आणि नेमक्या त्याच पट्ट्यात आपला कान सगळ्यात हळवा असतो, कारण कानाची सुमारे अडीच सेंटिमीटरची नळी स्वतःच एक छोटी बासरी आहे आणि ती तिथेच घुमते. ‘क्लॅरिटी’साठी हा पट्टा मुद्दाम उचललेला हेडफोन दुकानात दहा सेकंद छान वाटतो. त्यावर शहनाई लावा. पाच मिनिटांत कपाळ आवळल्यासारखं झालं तर तो हेडफोन परत ठेवा.

या तीन परीक्षांमध्ये आपण कानाने जे तपासलं, तेच प्रयोगशाळेत आलेखावर दिसतं. खोक्यावर ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ लिहिलेलं असतं, त्याला फारसा अर्थ नाही. त्या पट्ट्यात कुठे किती चढ-उतार आहे, ते महत्त्वाचं. हरमन कंपनीत शॉन ऑलिव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गेल्या दशकात श्रोत्यांना कोणता हेडफोन कानावर आहे हे कळू न देता कितीतरी चाचण्या घेतल्या. बहुतेकांना आवडला तो चांगल्या खोलीत ठेवलेल्या चांगल्या स्पीकरसारखा वाजणारा हेडफोन. आणि २०१७ साली येरून ब्रेबार्ट यांनी २८३ हेडफोनांची मोजमापं त्यांच्या किमतींशेजारी ठेवून पाहिली, तेव्हा आवाजाचा तो आलेख आणि किंमत यांत काही संबंध सापडला नाही. जास्त पैशांत मजबूत बांधणी, बदलता येणारी वायर, मऊ गादी, चांगला माइक हे सगळं मिळतं. सूर मिळेलच असं नाही. मध्यमवर्गीय घरातल्या मुलाला हे कळणं फार गरजेचं आहे, म्हणून जरा जोर देऊन सांगतोय.

सिनेमाचं काम वेगळं. तिथे सगळ्यात आधी बोलणं कळलं पाहिजे. चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘द डिसायपल’मध्ये नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकल चालवत कानातल्या इअरफोनवर माई या संगीतगुरूंची जुनी भाषणं ऐकतो; माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे, संथ, खोल, जवळचा. हेडफोनवर सिनेमा पाहायचा तर हेच दृश्य लावून पाहा. बेस फुगलेला असेल तर तंबोऱ्याचा नाद त्या बोलण्यावर चढतो आणि शब्दांची टोकं जातात, कारण खालचे जोरकस सूर वरच्या नाजूक सुरांना झाकतात. ‘सिनेमासाठी दणदणीत बेस हवा’ ही समजूत मला म्हणूनच पटत नाही. स्फोट वर्षातून चार वेळा ऐकायचे असतात, संवाद रोज. आणखी एक बारीक गोष्ट: अॅपमध्ये ५.१ चा आवाज निवडलेला असेल आणि कानावर दोनच स्पीकर असतील, तर मिसळताना संवाद कधीकधी मागे पडतात. तिथे साधा स्टिरिओ निवडला की हेडफोन न बदलता माणसं बोलायला लागतात.

‘सैराट’ची गोष्ट उलटी. अजय-अतुल यांनी त्याचा वाद्यवृंद लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर ध्वनिमुद्रित केला, आणि व्हायोलिनांचा तो विस्तार ऐकायला चांगला हेडफोन लागतोच. पण हेडफोनची परीक्षा शेवटी आहे, जिथे लहान मूल घराबाहेर पडतं आणि आवाज निघून जातो. त्या शांततेत स्वस्त वायरलेस हेडफोनमधून बारीक ‘स्स्स’ ऐकू येतं. ते त्याच्या आतल्या अॅम्प्लिफायरचं. थिएटरात श्वास रोखून घेतलेला तो क्षण त्या ‘स्स्स’मुळे बिघडतो. हेडफोन विकत घेताना काहीच न वाजवता कानावर ठेवून बघा. असं करणारं गिऱ्हाईक मी फार कमी पाहिलंय.

आता तो कपडे आपटणारा माणूस. तो माझ्यापासून साठेक मीटरवर होता. कपडा दगडावर पडताना दिसायचा, आणि आवाज पोचेपर्यंत त्याचे हात पुन्हा वर निघालेले असायचे. हिशेब केला तर साठ मीटरला सुमारे १७५ मिलिसेकंद लागतात. साध्या ब्लूटूथ हेडफोनचा उशीरही साधारण एवढाच असतो, दीडशे ते अडीचशे मिलिसेकंद, कारण फोन आवाज आधी आवळून लहान करतो, तुकड्यांनी पाठवतो आणि हेडफोन तो पुन्हा उलगडतो. म्हणजे ब्लूटूथवर तुमच्या कानाला सगळं जग साठ मीटर लांब आहे. सिनेमात हे चालून जातं, कारण अॅप चित्रही तेवढंच उशिरा दाखवतं आणि ओठ-शब्द जुळतात. गेममध्ये चित्र थांबवता येत नाही. बटण तुम्ही आत्ता दाबलेलं असतं. बीजीएमआयमध्ये, म्हणजे पबजीवर बंदी आल्यावर जुलै २०२१ मध्ये जो गेम आला त्यात, भिंतीआडची पावलं कानावर येतात तेव्हा शत्रू दारात पोचलेला असतो. फोनमधला ‘गेम मोड’ हा उशीर कमी करतो, नाहीसा करत नाही. यूएसबीच्या छोट्या डोंगलवर चालणारे २.४ गिगाहर्ट्झचे वायरलेस हेडफोन बरेच चपळ असतात. आणि वायरीला उशीरच नाही. खेळ गंभीरपणे खेळायचा असेल तर माझं मत सरळ आहे: वायर घ्या.

ब्लूटूथची दुसरी अडचण पोरांना कुणी सांगत नाही. गेममध्ये मित्रांशी बोलायला हेडफोनचा माइक चालू केला की जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथमध्ये हेडफोन फोनकॉलच्या अवस्थेत जातो: आवाज एकेरी होतो, वरचे सूर कापले जातात. डावं-उजवं गेलं की पावलांची दिशाही गेली. भाचा महिनोन्‌महिने असाच खेळत होता आणि गेमला दोष देत होता. ‘एलई ऑडिओ’ या नव्या पद्धतीत हे सुधारतंय, पण त्यासाठी फोन आणि हेडफोन दोन्ही तसे लागतात.

गेमिंगबद्दल आणखी एक. पावलांचा खरा ठाव लागतो तो कुरकुर, टकटक अशा मधल्या आणि वरच्या सुरांतून. भाचा अनवाणी उतरला ते रेकॉर्डिंग बेस वाढवून ऐकलं तेव्हा नावेची धडधड एवढी माजली की तो कितव्या पायरीवर आहे ते कळेना. बेस कमी केला आणि टाच दगडाला टेकल्याचा आवाज एकेक करून मोजता आला. ‘राजी’ हा पुण्यात घडलेला गेम खेळताना मात्र मला तसं काही करावंसं वाटलं नाही. तिथे संगीत आणि जागेचा घुमारा अनुभवायचा असतो, आणि संगीतासाठी चांगला असलेला हेडफोन तिथे पुरेपूर पुरतो.

बनारसला दालमंडी नावाची गल्ली आहे. एकेकाळी तिथल्या माड्यांवरून ठुमरी-दादरा खाली उतरायचा. आम्ही गेलो तेव्हा तिथे मोबाइलची कव्हरं, चार्जर, इअरफोन यांची दाटी होती. आम्ही तिथे तासभर फिरलो. प्रत्येक दुकानात पहिलं वाक्य बेसचं, दुसरं ड्रायव्हरच्या, म्हणजे आतल्या छोट्या स्पीकरच्या, आकाराचं. ५० मिलिमीटरचा ड्रायव्हर ४० पेक्षा आपोआप चांगला ठरत नाही. पडदा कशाचा, त्यामागची पोकळी कशी, यावर सगळं अवलंबून. ओहमचा आकडा मात्र पाहावा. ३२ ओहमच्या आसपासचा हेडफोन फोनवर सहज वाजतो. स्टुडिओसाठी बनवलेले काही २५० किंवा ३०० ओहमचे असतात, त्यांना वेगळा अॅम्प्लिफायर लागतो. फोनला लावले तर ते दबून, दमल्यासारखे वाजतात आणि माणूस हेडफोनला नावं ठेवतो.

आणि कानावर ठेवून पाहिल्याशिवाय घेऊ नये. मला चष्मा आहे. चष्म्याची दांडी गादीखाली आली की कडेला बारीक फट राहते आणि त्या फटीतून खालचे सूर पळून जातात. दुकानात चष्मा काढून ऐकलेला हेडफोन घरी पातळ वाजला, तेव्हा मला हे समजलं. कानात घालायच्या इअरफोनचंही तेच: रबराच्या टोप्या तीन मापांच्या येतात, आणि बहुतेक लोक खोक्यात लावून आलेलीच वापरतात. माप बदललं की बेस परत येतो. विदर्भाच्या उन्हाळ्यात रेक्झिनची गादी तासाभरात चिकटते, कापडी गादी बरी पडते, पण कापडातून आवाज थोडा झिरपतो.

गोंगाट अडवणाऱ्या हेडफोनांबद्दल थोडक्यात. अमर बोस यांना ही कल्पना १९७८ साली झुरिकहून बोस्टनला जाताना विमानात सुचली: बाहेरचा आवाज माइकने टिपायचा, त्याची उलटी लाट तयार करायची आणि दोघांना एकमेकांत विरवायचं. नावेचं इंजिन, पंखा, बस, विमान अशा एकसुरी खालच्या आवाजांवर ते फार छान चालतं. असा हेडफोन घाटावर लावून पाहिला तेव्हा डिझेलची नाव जवळजवळ नाहीशी झाली. घंटा आणि टाळी मात्र तशीच आत आली, कारण अचानक येणारे आणि उंच आवाज त्याच्या हाती लागत नाहीत. प्रवास करणाऱ्याने हे जरूर घ्यावं, आणि कारण केवळ सुखाचं नाही. बाहेर गोंगाट असला की आपण आवाज वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास एवढी मर्यादा सांगितली आहे, मुलांसाठी ७५ डेसिबल. दर तीन डेसिबल वाढले की सुरक्षित वेळ निम्मी होते. गोंगाट अडला की तेच गाणं कमी आवाजात पुरतं.

भाच्याने शेवटी काय घेतलं? तो हॉस्टेलवर राहतो, खोलीत आणखी एक मुलगा. म्हणून बंद वाटी, कान पूर्ण आत बसतील अशी, वायरचा, ३२ ओहम, बेस न फुगवलेला, आणि शर्टला लावायचा माइक वेगळा. खोक्यावर ‘गेमिंग’ असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यावर त्याने माझं रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. नाव अजूनही मागूनच गेली.

नागपूरला परतल्यावर आईला तो हेडफोन लावला. तिचा डावा कान गेली काही वर्षं जवळजवळ गेल्यासारखा आहे. तिच्याच फोनवर तिच्या आवडीची एक जुनी ठुमरी सुरू केली. ती बराच वेळ डोळे मिटून ऐकत राहिली आणि मग म्हणाली, "तबला नाही का रे यात?" तबला होता. तो सगळाच्या सगळा डाव्या बाजूला होता. घरातल्या रेडिओवर, हॉलमध्ये, देवळात तो तिच्या उजव्या कानापर्यंत कसाही पोचला असता. हेडफोनने तो तिच्या बंद दारात नेऊन ठेवला होता. फोनच्या सेटिंगमध्ये अॅक्सेसिबिलिटीखाली ‘मोनो ऑडिओ’ असं एक बटण असतं, ते दोन्ही बाजू एकत्र करून दोन्ही कानांना देतं. मी ते चालू केलं.

"आता आला," आई म्हणाली, आणि मांडीवर बोटांनी ठेका धरला.

नंतर त्याच फोनवर घाटाचं रेकॉर्डिंग लावून मी ते ऐकायला बसलो, बटण बंद करायचं विसरून. नाव, घंटा, कपडे आपटणारा, पायऱ्या उतरणारा भाचा, सगळे कपाळाच्या मध्यावर एका ठिपक्यात उभे होते. मी बटण बंद केलं आणि नाव उजवीकडून निघाली. मग ते रेकॉर्डिंग माझ्या फोनवर घेतलं, आणि आईच्या फोनवरचं बटण पुन्हा चालू करून ठेवलं.